कंट्रोलर कुठलाही चालत नाही

गाडीच्या छतावर सोलर बसवायचं म्हटलं की सल्ला देणारे चहूबाजूंनी गोळा होतात. त्या सगळ्यांच्या सल्ल्याचं सार एका वाक्यात मावतं : "मावेल तेवढं मोठं पॅनेल घ्या, कंट्रोलर काय, कुठलाही चालतो." गॅरेजवाला हे म्हणतो, सोलरच्या दुकानातला माणूस हे म्हणतो, आणि कॅम्परव्हॅन घेऊन चार राज्यं फिरून आलेला अनुभवी प्रवासीही हेच म्हणतो. हे मत मुळातूनच चुकीचं आहे. त्याची किंमत ऐकणाऱ्याला मोजावी लागते, तीही घरापासून शेकडो किलोमीटर दूर, फ्रिजमधलं इन्सुलिन कोमट झालेलं असताना.

राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्या सुमारास टेम्पो ट्रॅव्हलर किंवा तसलीच एखादी गाडी आतून बांधून घेऊन निघणारी माणसं आपल्याकडे दिसू लागली. त्यात निवृत्त जोडपी आहेत, लॅपटॉपवर पोट असलेली तरुण मुलं आहेत, लहान लेकरं घेऊन निघालेले आईबाप आहेत. साठवलेला पैसा त्यांनी या गाडीत घातलेला असतो. अशा माणसांना अर्धवट माहितीवर सोलर विकलं जातं, याची मला मनापासून चीड येते.

आधी समोरच्यांची बाजू पूर्ण मांडतो. ते म्हणतात, वीज पॅनेल तयार करतं. कंट्रोलर फक्त बॅटरी ओव्हरचार्ज होऊ नये म्हणून मध्ये बसवायचा असतो. तेव्हा पैसा जिथे वीज तयार होते तिथे घाला. पाचशे वॅटचं पॅनेल म्हणजे पाचशे वॅट, पाच तास ऊन म्हणजे रोजची अडीच युनिट वीज. मग मध्ये हजार-पाचशेचा डबा लावला तर बिघडलं कुठे?

बिघडतं पहिल्याच आकड्यापासून. पॅनेलच्या मागच्या स्टिकरवर छापलेले वॅट प्रयोगशाळेतले असतात. दर चौरस मीटरला १००० वॅट इतका प्रकाश आणि सेलचं तापमान २५ अंश, अशा ठरावीक स्थितीत ते मोजलेले असतात. हवेचं नव्हे, सेलचं तापमान. मे महिन्यात सोलापूरच्या रस्त्यावर उभ्या गाडीच्या पत्र्यावर सेल २५ अंशांवर कधी असेल? सूर्य उगवताना कदाचित असेल. दुपारी सेल ६५ अंशांच्या घरात जातो. साध्या मोनो पॅनेलची ताकद दर अंशामागे सुमारे ०.३५ ते ०.४ टक्क्यांनी उतरते. चाळीस अंश चढले की पंधरा टक्के वीज उष्णतेतच संपली. त्यावर धूळ, वायरमधली गळती, बॅटरीत जाताना होणारी घट. शिवाय पॅनेल छतावर आडवं. पुणे साडेअठरा अंश अक्षांशावर आहे, म्हणून मेच्या मध्यात सूर्य जवळपास डोक्यावर येतो आणि आडवं पॅनेल उत्तम चालतं. तेच पॅनेल डिसेंबरात भर दुपारी सुमारे ४८ अंशांवरच्या सूर्याकडे तिरकं पाहत पडलेलं असतं, आणि थेट उन्हाचा चौथा हिस्सा त्याला मिळतच नाही. लेहला त्याच महिन्यात सूर्य दुपारीही साडेबत्तीस अंशांच्या फारसा वर चढत नाही. तिथे आडव्या पॅनेलला थेट उन्हातलं निम्म्याहून थोडं जास्त मिळतं.

म्हणून हिशेब छतापासून सुरू करायचा नसतो, खर्चापासून करायचा असतो. मध्यम आकाराचा बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज आपल्या हवेत दिवसाला साधारण अर्धं युनिट खातो. रात्रभर छताचा पंखा, दिवे, पाण्याचा पंप, दोन फोन, एक लॅपटॉप धरला की एक युनिट होतं. मोकळ्या आकाशाखाली, पाच तासांचं चांगलं ऊन धरून, सगळ्या गळतीनंतर तीनशे वॅटची पॅनेलं हे एक युनिट कसंबसं देतात. कोकणात जुलैत तीच पॅनेलं त्याच्या निम्म्यावरही येऊ शकतात. इंडक्शनवर स्वयंपाक करायचा विचार असेल तर दोन हजार वॅटची शेगडी बारा व्होल्टच्या बॅटरीतून १७० अँपिअरहून जास्त ओढते, हे आधी लक्षात घ्या. हा हिशेब कागदावर न मांडता "पाचशे वॅट टाका" म्हणणारा माणूस सल्ला देत नसतो, माल खपवत असतो.

आता त्या डब्याकडे येऊ, कारण माझं खरं भांडण तिथे आहे.

स्वस्त कंट्रोलर पीडब्ल्यूएम पद्धतीचा असतो. तो म्हणजे एक जलद स्विच. पॅनेल तो थेट बॅटरीला जोडतो आणि बॅटरी भरत आली की उघडझाप करून प्रवाह आवरतो. पॅनेल बॅटरीला थेट जोडलं की पॅनेलचं व्होल्टेज बॅटरीइतकं खाली येतं. एमपीपीटी कंट्रोलर पॅनेलला त्याच्या सोयीच्या व्होल्टेजवर चालू देतो, आणि ती जास्त व्होल्टची वीज कमी व्होल्टच्या, जास्त अँपिअरच्या विजेत बदलून बॅटरीला देतो. गाडीत गिअरबॉक्स जे काम करतो तेच इथे हा करतो. गिअरबॉक्स कुठलाही चालेल असं कुठला मेकॅनिक म्हणेल?

हे कागदावर करून पाहा. घराच्या छतासाठी बनवलेलं साठ सेलचं तीनशे वॅटचं पॅनेल घ्या. त्याचं काम करण्याचं व्होल्टेज ३२च्या आसपास, प्रवाह नऊ-साडेनऊ अँपिअर. अशी पॅनेलं वॅटमागे सर्वांत स्वस्त पडतात, म्हणून गाडीवर हौसेनं चढवली जातात. ते पीडब्ल्यूएममधून तेरा व्होल्टच्या बॅटरीला जोडलं की अँपिअर तेवढेच राहतात, व्होल्ट मात्र ३२चे १३ होतात. हाती येतात सव्वाशे वॅट. उरलेले पावणेदोनशे वॅट कुठल्याच वायरीत दिसत नाहीत, कुठे गरम होत नाहीत, आवाज करत नाहीत. ते तयारच होत नाहीत. पैसे तीनशे वॅटचे मोजले आणि कंट्रोलरमध्ये वाचवलेल्या दोन-चार हजारांसाठी अर्ध्याहून जास्त पॅनेल छतावर नुसतं वाहून नेलं. याला काटकसर म्हणायचं?

यावर दुसरा कंपू पुढे येतो आणि म्हणतो, आम्ही तर सगळ्यांना एमपीपीटीच देतो, तीस टक्के वीज जास्त मिळते. हेही तितकंच बेजबाबदार विधान आहे, कारण तीस टक्के ही एमपीपीटीच्या अंगची गोष्ट नाही. ती पॅनेल, बॅटरी आणि हवामान यांच्या मेळावर ठरते. छत्तीस सेलचं, म्हणजे बाजारात "बारा व्होल्टचं" म्हणून मिळणारं शंभर वॅटचं पॅनेल घेतलं तर त्याचं कामाचं व्होल्टेज १८ असतं. नागपूरच्या उन्हाळ्यात सेल तापून ते पंधराच्या आसपास उतरतं. बॅटरी साडेतेरा-चौदाला भरत असते. फरकच दीड व्होल्टाचा, त्यात एमपीपीटी काय मिळवून देणार? फार तर पाच-सात टक्के. तेच पॅनेल हिवाळ्यात स्पितीच्या थंड, लख्ख उन्हात ठेवा. व्होल्टेज १९च्या वर, बॅटरी रात्रभराच्या वापरानं खाली उतरलेली. तिथे तीस काय, पस्तीस टक्केही जास्त मिळतील. जो माणूस गाडी कुठे जाणार हे न विचारता टक्केवारी सांगतो, त्याच्या टक्केवारीला अर्थ नाही. एवढं मात्र मान्य करतो : एक छोटं छत्तीस सेलचं पॅनेल, दोन दिवे, एक पंखा आणि दख्खनच्या पठाराबाहेर न जाणारी गाडी असेल, तर चांगल्या बनावटीचा पीडब्ल्यूएम पुरतो. याहून जास्त सूट मी त्या मताला देणार नाही.

डब्यावर एमपीपीटी लिहिलं की तो एमपीपीटी झाला, हाही भ्रम आहे. भोरच्या रस्त्यावर एका निवृत्त जोडप्याच्या गाडीत हा प्रकार मी जवळून पाहिला. काकूंची तक्रार साधी होती : "दादा, ऊन एवढं कडक, तरी संध्याकाळपर्यंत बॅटरी भरतच नाही." मागच्या बाकाखाली कंट्रोलर होता. त्यावर एमपीपीटी ही अक्षरं ठळक नारिंगी रंगात छापलेली, पण डबा हातात घेतला तर फोनपेक्षाही हलका. बॅटरी अर्धी रिकामी होती, म्हणजे कंट्रोलर पूर्ण जोर लावायला हवा होता. मल्टिमीटर लावला : बॅटरीच्या टर्मिनलवर १२.९ व्होल्ट, पॅनेलच्या टर्मिनलवर १३.१. मग डीसी मोजणारा क्लँप मीटर आधी पॅनेलकडून येणाऱ्या वायरीला लावला, मग बॅटरीकडे जाणाऱ्या. दोन्हीकडे अँपिअर सारखेच. खऱ्या एमपीपीटीत असं होऊच शकत नाही. पॅनेलकडून ३६ व्होल्टांवर पाच अँपिअर आत जात असतील, तर बॅटरीकडे तेरा-साडेतेरा व्होल्टांवर तेरा अँपिअर बाहेर पडायला हवेत. काकांनी झाकण उघडायला परवानगी दिली. आत व्होल्टेज बदलण्यासाठी लागणारं तांब्याचं जाड वेटोळं नव्हतंच. होता तो पीडब्ल्यूएम, एमपीपीटीच्या भावात विकलेला. याला "कुठलाही चालतो" वृत्ती सरळ जबाबदार आहे. कंट्रोलरकडे कुणी लक्षच देत नसेल तर त्यात फसवणूक करणं सर्वांत सोपं. ही तपासणी दहा मिनिटांची आहे. गाडी बांधून देणाऱ्यानं ती तुमच्यासमोर करून दाखवावी, हा आग्रह धरा. तुमचा तो हक्क आहे.

"मोठा घ्या म्हणजे झालं" असं म्हणणाऱ्यांना अँपिअर दिसतात, व्होल्ट दिसत नाहीत. चांगल्या एमपीपीटी कंट्रोलरवर दोन मर्यादा असतात : पॅनेलकडून जास्तीत जास्त किती व्होल्ट तो सोसेल आणि बॅटरीला जास्तीत जास्त किती अँपिअर देईल. यातली अँपिअरची मर्यादा बरीचशी क्षमाशील असते. पॅनेल थोडं जास्त झालं तर चांगला कंट्रोलर आपल्या मर्यादेपुरतंच घेतो आणि बाकी सोडून देतो. व्होल्टची मर्यादा क्षमा करत नाही. ती ओलांडली की कंट्रोलर जळतो, आणि अशा जळण्याला वॉरंटीही सहसा लागू होत नाही.

इथे थंडीचा प्रश्न येतो, आणि मैदानातल्या दुकानदारांना तो ठाऊकच नसतो. उष्णतेनं पॅनेलचं व्होल्टेज उतरतं, तसं थंडीनं चढतं. बहात्तर सेलच्या दोन पॉली पॅनेलांचं उदाहरण घेऊ. प्रत्येकाचं ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे काहीही जोडलेलं नसतानाचं व्होल्टेज, ४६. दोन्ही सीरिजमध्ये जोडली : ९२. कंट्रोलर १०० व्होल्टांचा. पुण्यात बसवला, दोन वर्षं उत्तम चालला, गॅरेजवाल्याचं नाव झालं. मग गाडी हिवाळ्यात लडाखला गेली. रात्री पॅनेल उणे पंधरावर गोठलं. सकाळी डोंगरामागून ऊन आलं, सेल अजून थंडगार, कंट्रोलर अजून जागा होतोय, म्हणजे पॅनेलवर काहीच भार नाही. दर अंशामागे सुमारे ०.३२ टक्के वाढ धरली तर चाळीस अंशांत जवळपास तेरा टक्के होतात. ९२चे १०४ होतात. शंभरच्या कंट्रोलरला १०४ व्होल्ट. त्या वेळी जवळ ना दुकान, ना सुटा भाग. हिमालयात त्या थंडीत हीटर आणि फोन बंद पडणं म्हणजे गैरसोय नव्हे, जिवाशी खेळ. एवढा गुणाकार पॅनेल विकताना करायला काय लागतं? पॅनेलच्या मागच्या स्टिकरवर ओपन सर्किट व्होल्टेज छापलेलं असतं, तापमानाचा गुणांक माहितीपत्रकात असतो.

मग कुणी म्हणतं, सीरिज नकोच, पॅरलल जोडा, सुरक्षित. तेही सरसकट खरं नाही. छतावर एसीचा डबा, पंख्याचं झाकण, सामानाचा कॅरिअर असतो, त्यांची सावली पडतेच, आणि सावलीत पॅरलल जोडणी बहुधा जास्त समजूतदार ठरते, हे खरं. पण पॅरललमध्ये अँपिअर वाढतात आणि वायर जाड लागते. चार स्क्वेअर एमएमच्या वायरीतून पाच मीटरवर वीस अँपिअर नेले तर जाण्यायेण्यात जवळपास एक व्होल्ट जातो. बारा व्होल्टांत एक व्होल्ट म्हणजे आठ टक्के. तीच ताकद चाळीस व्होल्टांवर नेली तर गळती एका टक्क्याच्या आत. कंट्रोलर बॅटरीजवळ ठेवायचा तो याचसाठी. तीन किंवा जास्त पॅनेलं पॅरलल असतील तर प्रत्येकाला फ्यूज हवा, हेही सांगणारे फार थोडे.

लवचिक, पत्र्याला चिकटवायच्या पॅनेलांबद्दल एवढंच सांगतो : खाली हवा खेळायला जागा राहत नाही, सेल आणखी तापतात, आणि काचेच्या पॅनेलइतकं आयुष्य त्यांच्याकडून मिळत नाही. वजनाची अडचण खरोखर असेल तरच घ्या.

सर्वांत महाग वस्तू बॅटरी, आणि "कुठलाही कंट्रोलर" सर्वांत जास्त घाव घालतो तो तिच्यावर. आपल्याकडचे बहुतेक साधे कंट्रोलर लेड ॲसिडच्या हिशेबानं सेट होऊन येतात. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या सेलची वरची मर्यादा ३.६५ व्होल्ट. चार सेलची बॅटरी म्हणजे १४.६. लेड ॲसिडसाठी असलेलं इक्वलायझेशन, म्हणजे मधूनमधून मुद्दाम दिलेलं चढ्या व्होल्टेजचं चार्जिंग, चालू राहिलं तर कंट्रोलर पंधराच्या दिशेनं जातो, बॅटरीतला बीएमएस, म्हणजे तिचं रक्षण करणारं सर्किट, तिला तोडतो, आणि मालक म्हणतो, लिथियमच खराब. लेड ॲसिडला गरम हवेत चार्जिंगचं व्होल्टेज कमी करावं लागतं. बॅटरी ४५ अंशांवर गेली की सुमारे अर्ध्या व्होल्टाची कपात हवी. ती न करणारा कंट्रोलर आपल्या उन्हाळ्यात ट्युब्युलर बॅटरीचं पाणी उकळून काढतो. लिथियमला मात्र ही कपात बंद ठेवायची असते. आणि शून्याखाली लिथियमला चार्ज करायचंच नसतं, कारण मग धातुरूप लिथियम आतल्या पट्टीवर साचतं आणि ते नुकसान कायमचं असतं. म्हणजे स्पितीतल्या पहाटे कंट्रोलरनं किंवा बीएमएसनं बॅटरीचं तापमान बघून चार्जिंग थांबवायला हवं. ज्या डब्याला तापमानाचा सेन्सरच नाही, ज्यावर बॅटरीचा प्रकार बदलता येत नाही, तो हे करणार कसा? ज्याला "कुठलाही" म्हणतात तो नेमका हा डबा असतो.

शेवटी हत्यार निघतं पैशाचं. "एवढं सगळं बघायचं तर सामान्य माणसानं सोलर घ्यायचंच नाही का?" उलट आहे. याच हिशेबानं सामान्य माणसाचा पैसा वाचतो. नीट जुळवलेली तीनशे वॅटची पॅनेलं आणि योग्य कंट्रोलर, हे पाचशे वॅटच्या आंधळ्या जोडणीपेक्षा जास्त वीज देऊ शकतात, छतावर वजन कमी ठेवतात आणि बॅटरी जास्त वर्षं टिकवतात. ज्याच्याजवळ पैसा भरपूर, त्याला चूक परवडते, दुसरी बॅटरी तो घेईल. प्रॉव्हिडंट फंडातून गाडी बांधणाऱ्या माणसाला ती परवडत नाही. त्याच्या नावानं बेफिकिरीचं समर्थन करू नका.

पॅनेल आणि कंट्रोलर ही एकच खरेदी आहे आणि ती बॅटरी बघून करायची असते. म्हणून गाडी बांधायला देण्याआधी विचारा : या पॅनेलचं ओपन सर्किट व्होल्टेज किती, मी जाणार आहे तिथल्या सर्वांत थंड सकाळी ते किती होईल, हा कंट्रोलर किती सोसतो, आणि माझ्या बॅटरीसाठी त्यात कोणते आकडे भरले आहेत? उत्तरं कागदावर लिहून, सही करून घ्या. ज्याला हे चार आकडे सांगता येत नाहीत, त्याच्याकडून आपल्या गाडीला एक वायरही जोडून घेऊ नका.